पुरात बुडालेला टेलिप्रिंटर घेतलाय, चालंल काय? आणि ही मशिनं खरंच एवढी दणकट होती का?

उद्यमनगरचा_पोरगा | ९ जून, रात्री ११:१८

मंडळी, एक उद्योग करून बसलोय, शिव्या घालायच्या असतील तर आधीच घाला. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला एका जुन्या पेढीची इमारत पाडायला काढलीय, तिथलं सगळं लोखंड आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडं आलंय. मी गेलो होतो लेथसाठी एक चक बघायला आणि कोपऱ्यात हे धूड दिसलं. आधी वाटलं मोठा टाईपरायटर, मग मागं बघतो तर मोटर, खाली गिअर, शाफ्ट, लिव्हर आणि स्प्रिंगा. एवढ्या स्प्रिंगा मी आयुष्यात एका जागी बघितल्या नाहीत. टेलिप्रिंटर हाय म्हणाला, म्हणजे तारेवरनं आलेला मजकूर आपोआप कागदावर छापणारं मशीन. किलोनं मोजून घेतला, दोघांनी उचलून छोट्या हत्तीत टाकला, घरी आणल्यावर आईनं काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

घोळ असा की ती इमारत २०१९ च्या पुरात चार-पाच दिवस पाण्यात होती आणि हे तळमजल्यावर होतं. नावाची पट्टी निघून गेलीय, स्क्रूची दोन भोकं तेवढी राहिलीत, त्यामुळं कंपनी कुठली विचारू नका. मोटरचा शाफ्ट हातानं फिरवला तर पाव फेरा फिरतो आणि गप्प.

हे परत चालंल काय? आणि जो तो म्हणतो जुनी मशिनं लई दणकट, तर टेलिप्रिंटर खरंच तसे होते का आपलं जुनं ते सोनं?

नकारघंटा | ९ जून, रात्री ११:४०

जुनं ते सोनंच. बिघडलेली मशिनं कधीच वितळून कुणाच्या तरी ऑइल इंजिनात गेली, जी उरली तेवढीच बघून आपण म्हणतो काय माल होता राव. माझे वडील एका खाजगी ऑफिसात टेलेक्सजवळच (फोनसारखा नंबर लावून जोडायचा टेलिप्रिंटर) बसायचे, घरी आले की आज मशीन अडकलं, आज कागद फाटला, आज रिबन उलटी फिरेना हेच. परत विकून टाक, पावसाच्या आत.

रंकाळा_टीटीवाय | १० जून, सकाळी ७:०५

आईशप्पथ काय हाती लागलंय तुला! विकू नको रे. रोज लिनक्सवर काम करणाऱ्या पोरांना सांगून बघ की टर्मिनलला (कमांड टाईप करायच्या खिडकीला) टीटीवाय म्हणतात ते या टेलिटाईपवरनं आलंय, निम्म्यांना खरं वाटत नाही. एंटर दाबल्यावर काही सिस्टीममध्ये दोन कॅरेक्टर जातात, कॅरेज रिटर्न आणि लाईन फीड, ते पण इथलंच. कॅरेज डावीकडं परत यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा, मग तेवढ्यात कागद वर सरकवून घ्यायचा, म्हणजे पुढचं अक्षर मध्येच कुठंतरी उमटायला नको. यंत्राची धाप अजून आपल्या फायलींमध्ये आहे.

पण दणकटपणाबद्दल एक सांगतो, सगळ्यांना एका मापात मोजू नका. कॉम्प्युटरवाल्यांनी सगळ्यात जास्त वापरलं ते टेलिटाईपचं मॉडेल ३३, १९६३ चं, ११० बॉड म्हणजे लाईनवर सेकंदाला ११० इशारे, त्यात १० अक्षरं, पीडीपी-८ आणि पीडीपी-११ या त्या काळच्या कॉम्प्युटरांच्या शेजारी हेच असायचं. ते मुळात हलक्या कामासाठी, स्वस्तात बनवलेलं. लोकांनी ते दिवसभर बडवलं. त्याच्या हॅमरवरचं रबर आता जवळजवळ सगळीकडं एकतर दगड झालंय नाहीतर चिकट काकवी. त्याच कंपनीचं मॉडेल २८ मात्र वेगळीच जात, १९५० च्या दशकातलं, जड आणि महाग. वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाईन ३० ऑगस्ट १९६३ ला सुरू झाली तेव्हा लाल टेलिफोन वगैरे काही नव्हता, दोन्ही टोकांना टेलिप्रिंटर होते. अमेरिकेनं आपले मॉस्कोला दिले, रशियनांनी पूर्व जर्मनीत बनवलेले वॉशिंग्टनला पाठवले. अणुयुद्ध थांबवायचं काम ज्याच्यावर सोपवलं ते काय उगाच निवडलं असंल?

तारवाले_काका | १० जून, दुपारी १:३०

बाळा, पहिली गोष्ट म्हणजे प्लग लावू नकोस. लावला असशील तर काढ आणि मग पुढं वाच.

मी तार खात्यात मेकॅनिक होतो, नोकरी सगळी याच मशिनांत गेली. पुरातलं मशीन म्हटल्यावर मोटरचं वायंडिंग ओलं किंवा खारवलेलं असणार आणि मोटरच्या ठिणग्या दाबायला जो कागदी कपॅसिटर असतो तो तर गेलेलाच असणार, तो काढून नवीनच घाल. असले जुने कागदी कपॅसिटर कोरड्या खोलीत ठेवलेले सुद्धा पहिल्या पाच मिनिटांत धूर सोडतात. मोटर बाहेर काढ, उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगवाले ढिगानं आहेत, कुणाकडनंही मेगर (वायंडिंगचं इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावून घे. मेगर कमी दाखवलं म्हणून लगेच रिवाइंड करू नकोस, एका खोक्यात १०० वॅटचा साधा बल्ब लावून तीनचार दिवस ठेव, बऱ्याचदा नुसती ओल असते.

अडकलेला शाफ्ट जोर लावून फिरवायचा नाही. गॅरेजवाल्यांचं ते स्प्रे मारायचं औषध गंज सोडवायला ठीक, पण ते वंगण नव्हे, त्यावर मशीन चालवलंस तर महिन्यात पुन्हा इथंच येशील. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर पेट्रोल, आणि रंगाचा ब्रश. बिडी ओढणारा कुणी जवळ नको.

आणि नकारघंटासाहेब, तुमच्या वडिलांचं खोटं नाही. रिबन, कागद, धूळ याच्या तक्रारी रोजच्याच. पण मशीन अडकणं आणि मशीन मरणं यात फरक आहे की नाही? अडकलेलं मशीन मी दहा मिनिटांत सोडवायचो. मेलेलं मशीन उभ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं बघितलं.

शिफ्ट_ड्युटी | ११ जून, रात्री २:१२

(वेळ बघून हसू नका, रिटायर झालो तरी रात्रपाळीची सवय जात नाही.)

मी एका दैनिकात उपसंपादक होतो, टीपी म्हणजे टेलिप्रिंटर रूमच्या शेजारचं टेबल माझं. एजन्सीच्या बातम्या इंग्रजीतून धडधड यायच्या, शिपाई फाडून आणून द्यायचा आणि आम्ही मराठीत करायचो. पीटीआयची भाषा ही हिंदी सेवा १९८६ ची, म्हणजे त्याआधी पीटीआयकडनं नागरीत आयतं काही येत नव्हतं आणि मराठीत तर नाहीच.

दणकटपणाचा हिशेब करून बघा. ५० बॉडला मिनिटाला ४०० अक्षरं. दिवसातले दहा तास जरी मशीन खरोखर छापत असलं तरी २ लाख ४० हजार अक्षरं झाली, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७ कोटी २० लाख ठोके. एका वर्षात. आमच्याकडं एकच मशीन कित्येक वर्षं होतं, मी लागलो तेव्हा होतं, माझे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा पण होतं. आताचा प्रिंटर घ्या आणि त्याला एवढं छापायला लावा, मग बोलू.

आवाज मात्र विचारू नका. नवीन माणसाला पहिला आठवडा डोकं उठायचं, नंतर उलटं व्हायचं, आवाज बंद झाला की दचकून जाग यायची. महत्त्वाची बातमी असली की घंटा वाजायची. २५ जून १९८३ ला वर्ल्ड कप फायनल, आमची नजर कागदावर आणि आला काय तर इंडिया क्यू आय ई ऑल आऊट! नवीन पोरगं म्हणतं हा कुठला खेळाडू. मी म्हटलं १८३ लिही. मधे लाईनवर खरखर झाली की पुढं अक्षरं का आकडे ते सांगणारा शिफ्टचा कोड हरवायचा आणि आकड्यांच्या जागी अक्षरं यायची. पण वरच्या ओळीतली अक्षरं म्हणजेच आकडे, क्यू म्हणजे १, डब्ल्यू म्हणजे २, ई म्हणजे ३ असं ते ओळीनं पी म्हणजे ० पर्यंत. आम्ही ते मराठीइतकंच सहज वाचायचो.

गुळपेठ_सुमन | ११ जून, सकाळी ९:५०

शिफ्ट_ड्युटी दादा, तुमचं क्यू आय ई वाचून मोठ्यानं हसले, सून बघायला आली काय झालं म्हणून 😄

मी गुळाच्या एका अडत्याकडं टेलेक्सवर होते. बाई टेलेक्सवर म्हणून लोक दारातून डोकावून जायचे. गुजरातला माल जायचा, सकाळी सौदे निघाले की लगेच भाव टेलेक्सनं कळवायचा. एकदा ३४० भाव गेला आणि तिकडनं फोन आला की बेन, ईआरपी एटले शूं? तीन म्हणजे ई, चार म्हणजे आर, शून्य म्हणजे पी. तेव्हापासनं मालकांनी नियमच केला, मजकूर संपला की शेवटी सगळे आकडे परत एकदा टाईप करायचे. गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, भाव, ट्रकचा नंबर, सगळं दोनदा.

पण व्यापाऱ्यांचा विश्वास फोनपेक्षा टेलेक्सवर जास्त होता. आधी "तू कोण" म्हणून बटण दाबायचं, की पलीकडच्या मशीनमधलं ड्रम आपोआप फिरून त्यांचं नाव-नंबर आपल्या कागदावर छापायचं. मजकूर झाल्यावर परत तेच. दोन्ही वेळा बरोबर नाव आलं म्हणजे लाईन शेवटपर्यंत शाबूत होती. तिकडं रात्री पेढीवर कुणी नसलं तरी मशीन घेऊन ठेवायचं. भाव फिरला की फोनवर मी असं बोललोच नाही म्हणणारे पुष्कळ, पण कागदापुढं काय बोलणार.

रंकाळा_टीटीवाय | ११ जून, सकाळी १०:०२

सुमनताई 😂 ईआरपी! आमच्या कंपनीत ईआरपी नावाचं सॉफ्टवेअर दोन वर्षं बसवतायत अजून बसलं नाही, तुमच्याकडं एका मिनिटात आलं.

नकारघंटा | ११ जून, दुपारी ४:१५

आठवणी छान आहेत पण प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. शेकड्यानं हलणारे भाग, घासणारे, आपटणारे. जितके भाग जास्त तितकं बिघडणार जास्त, हे साधं गणित आहे. मग ते टिकायचं कसं?

तारवाले_काका | ११ जून, रात्री ९:२०

चांगला प्रश्न आहे, नीट सांगतो, जरा लांबेल.

टेलिप्रिंटरची खुबी अशी की तो प्रत्येक अक्षराला नव्यानं सुरू होतो. मोटर एकसारखी फिरत असते पण वाचणारा शाफ्ट क्लचनं थांबवून धरलेला असतो. लाईनवर आधी स्टार्टचा इशारा येतो, क्लच सुटतो, शाफ्ट एक फेरा मारतो, त्या फेऱ्यात पाच वेळा लाईन बघतो की करंट आहे का नाही, आणि स्टॉपला परत थांबतो. एकेक इशारा २० मिलिसेकंदांचा, स्टॉप दीडपट, म्हणजे सगळं अक्षर १५० मिलिसेकंदांत. आता मोटर थोडी हळू असली तर चूक किती साठणार? पाचवा इशारा मध्यावर वाचायचा तो सुरुवातीपासनं ११० मिलिसेकंदांवर. मोटर २ टक्के चुकली तर तिथं २.२ मिलिसेकंदांचा फरक, आणि मध्यापासनं दोन्हीकडं जागा आहे १० मिलिसेकंद. आरामात वाचतं. पुढच्या अक्षराला मागची चूक पुसलेली. दिवसभर छापलं तरी चूक कधीच एका अक्षराच्या पुढं जात नाही.

मोटरचा वेग गव्हर्नर सांभाळायचा. तो बरोबर आहे का बघायला आमच्याकडं मीटर नव्हता, ट्यूनिंग फोर्क होता, त्याच्या टोकांना बारीक फटीच्या पट्ट्या. गव्हर्नरवर काळे-पांढरे पट्टे रंगवलेले असायचे. फोर्क टिचकी मारून डोळ्यासमोर धरायचा आणि फटीतनं बघायचं, पट्टे जागच्या जागी उभे दिसले की वेग बरोबर, पुढं सरकताना दिसले की जास्त, मागं सरकले की कमी. स्क्रू अर्धा आटा फिरवायचा. झालं. नवीन आलेल्या पोराला हे दाखवलं की तो वेडा व्हायचा.

राहिला घासण्याचा प्रश्न. घासायचंच. म्हणून तर नमद्याचे वॉशर घातलेले असायचे, ते तेल पिऊन ठेवतात आणि हळूहळू सोडतात. तेल कुठं, ग्रीस कुठं, किती थेंब, किती दिवसांनी याचा तक्ता भिंतीवर. जास्त तेल पण वाईट, क्लचमध्ये आणि कॉन्टॅक्टवर गेलं की वाट लागली. स्प्रिंगचा ताण मोजायला आमच्याकडं छोटा तराजू असायचा, फट मोजायला फीलर गेज. तुम्ही दणकट म्हणता ते मशीन तेवढंच्या तेवढं कधी नव्हतं हो, मशीन अधिक मेकॅनिक असा तो एक नग होता. मेकॅनिक काढून घ्या, मग तेच मशीन सहा महिन्यांत रडायला लागतं.

फौंड्रीवाला_शिरोली | ११ जून, रात्री १०:४४

काका लई भारी सांगितलंसा. हे आमच्या धंद्यागतच हाय की, लेथ पन्नास वर्षं चालतोय म्हणजे काय त्येच्यात देव हाय व्हय, रोज तेल घालणारा कोण तरी हाय.

पोरा गिअर-बिअर तुटला आसंल तर सांग, नमुना घिऊन ये. बाबूराव पेंटरांनी शिनिमाचा कॅमेरा ह्याच गावात बनिवला, आपल्याला एक गिअर जमंना व्हय मर्दा.

उद्यमनगरचा_पोरगा | १६ जून, रात्री १०:३०

अपडेट. सगळ्यांना आधी दंडवत.

कव्हर काढलं तर आत पंचगंगा. खरंच सांगतो, बोटाएवढा गाळाचा थर, वाळून वीट झालेला, त्यात एक चिंचोका आणि कुणाच्यातरी हिशेबाच्या वहीचं पान. पानावर शाईचे फक्त निळे डाग. गाळ ओला करून लाकडी काटकीनं उकरला, मग पेट्रोल आणि ब्रश, चार दिवस. गंज वरवर होता, कारण आतल्या भागांवर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट बसलेलं, त्यानंच लोखंड वाचवलं. म्हणजे ज्यानं शेवटचं ग्रीस लावलं त्याचे उपकार.

मोटर काकांनी सांगितल्याप्रमाणं बल्बच्या खोक्यात ठेवली, आई म्हणते कोंबडीची पिल्लं काढतोस काय. पाचव्या दिवशी मेगर एकदम वर. कपॅसिटर नवीन. पाव फेऱ्यात अडकत होतं त्याचं कारण एक गिअर, त्याच्या दातात खडा. दात शाबूत. फौंड्रीवाले दादा तुमची ऑफर जपून ठेवतो.

काल रात्री मोटर पहिल्यांदा फिरली. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, गिरणी घातलीस काय घरात म्हणून.

शिफ्ट_ड्युटी | १७ जून, रात्री १:४५

आजींना म्हणावं अजून छपाई सुरू व्हायचीय.

गुळपेठ_सुमन | १७ जून, सकाळी ८:२०

शाबास रे. वहीचं पान टाकू नकोस. कुणाची पेढी होती इथं लिहू नकोस पण मला वाटतं मला ती माहीत आहे.

रंकाळा_टीटीवाय | १७ जून, सकाळी ९:१०

आता सिग्नल द्यायचं माझ्याकडं लागलं. यूएसबीचे बरेचसे कन्व्हर्टर ५० बॉड आणि ५ बिट देत नाहीत, त्यामुळं सरळ एक छोटा मायक्रोकंट्रोलर घेऊ, त्याची एक पिन २० मिलिसेकंदांच्या हिशेबानं चालू-बंद करायची, प्रोग्रॅम तीस ओळींचा पण नाही. लूपला, म्हणजे मशीनच्या लाईनच्या सर्किटला, ४० मिलिअँपिअर लागेल आणि व्होल्टेज चांगलंच चढं, कारण मॅग्नेटची कॉईल करंट पटकन चढू देत नाही. ते व्होल्टेज झटका देणारं असतं, हात लावताना एक हात खिशात. रविवारी येतो.

नकारघंटा | १७ जून, दुपारी १२:००

बरं, फिरली मोटर. छापलं तर सांगा. आणि एक विचारतो, एवढं दणकट होतं तर बंद का पडलं सगळं?

तारवाले_काका | १७ जून, दुपारी ३:४०

मशीन थकलं म्हणून नाही. फॅक्स आला, मग कॉम्प्युटर आला, लाईनच राहिली नाही. आपल्या देशात मद्रासला गिंडीत हिंदुस्तान टेलिप्रिंटर्सचा सरकारी कारखाना १९६० ला निघाला, इटलीच्या ऑलिव्हेट्टीच्या सहकार्यानं, देवनागरी मशिनं सुद्धा त्यांनी केली. पाच इशाऱ्यांत मेळ किती होतात तर ३२, दोन शिफ्ट धरून दुप्पट, त्यातनं कंट्रोलचे वजा करा आणि उरलेल्यात काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवा. ज्यांनी बसवली त्यांना नमस्कार.

पुढं इलेक्ट्रॉनिक मशिनं आली. शांत, हलकी, तेल नको. आम्हा मेकॅनिक लोकांना बरंच वाटलं. पण आज जुनं यांत्रिक मशीन आणि ते इलेक्ट्रॉनिक शेजारी ठेवा, मी यांत्रिकला हात घालीन. इलेक्ट्रॉनिकमधली एक खास चिप गेली की ती जगात कुठं मिळत नाही, आणि आत काय झालं ते डोळ्याला दिसत पण नाही. गिअर तुटला तर शिरोलीत मिळतो.

तार सेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली. तेव्हा कॉम्प्युटरवरच चालायची ती. आमची मशिनं त्याच्या कितीतरी आधी लिलावात किलोनं गेलेली, तू घेतलंस तशीच.

उद्यमनगरचा_पोरगा | २९ जून, रात्री ११:५५

छापतंय!!! पण काय छापतंय ते देव जाणे.

टीटीवाय दादा आलाय, सोबत मिसळ पण आणली होती. आम्ही प्रत्येक ओळीला आधी लेटर शिफ्ट पाठवतो आणि मग टेस्टचं आर-वाय आर-वाय आर-वाय. कागदावर काय येतंय तर

४+४+४+४+४+४+४+४+

ओळच्या ओळ हेच. वायरी उलटसुलट करून बघितल्या, बॉड बदलून बघितला, तर कचरा येतो. म्हणजे वेग बरोबर आहे, टायमिंग बरोबर आहे, तरी हे. दोन तास झाले. आजींनी दोनदा दार वाजवलंय.

नकारघंटा | ३० जून, रात्री १२:१०

मी म्हटलं होतं.

तारवाले_काका | ३० जून, सकाळी ५:५०

तिसरी लिव्हर अडकलीय. सिलेक्टरची, म्हणजे पाच इशाऱ्यांच्या पाच लिव्हर असतात त्यातली, डावीकडनं का उजवीकडनं मोजायची ते मशीनवर अवलंबून, पण मधलीच. तिथं ब्रश पोचला नसणार. चहा पिऊन येतो मग कारण लिहितो.

रंकाळा_टीटीवाय | ३० जून, सकाळी ७:३०

काका, मशीन न बघता?? कागद पण बघितला नाही तुम्ही.

तारवाले_काका | ३० जून, सकाळी ८:१५

बघायचं काय त्यात. करंट आहे तो १, नाही तो ०. आरचा कोड ०१०१०, वायचा १०१०१. एकात जे आहे ते दुसऱ्यात नाही, म्हणून तर ही जोडी टेस्टला घेतात, पाचही लिव्हर आळीपाळीनं हलाव्या लागतात. आता तिसरी हलतच नाही असं धर. आरमध्ये तिसरा इशारा मुळात नाहीच, तो आरच राहिला. वायमधला तिसरा गेला की १०००१ उरतं, तो झेड. म्हणजे आर-झेड आर-झेड यायला हवं होतं. पण तुम्ही आधी लेटर शिफ्ट पाठवताय, १११११. त्यातला तिसरा गेला की ११०११, आणि हा फिगर शिफ्टचा कोड! म्हणून मशीन आकड्यांत गेलं. आरच्या डोक्यावर ४, झेडच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह. ४+४+.

खात्री करायची तर स्पेस पाठवून बघा. स्पेस म्हणजे फक्त तिसरा, ००१००. कॅरेज जागची हलणार नाही.

उद्यमनगरचा_पोरगा | ३० जून, सकाळी ८:४०

नाही हलत. वीस स्पेस पाठवल्या, कॅरेज जागेवर. काका तुमचे पाय कुठं आहेत.

शिफ्ट_ड्युटी | ३० जून, सकाळी ११:०५

अहाहा. हे म्हणजे नाडी न बघता निव्वळ खोकल्यावरनं रोग सांगणारे वैद्य असायचे तसं झालं.

नकारघंटा | ३० जून, दुपारी १:२०

बरं बाबा, हे मान्य. बिघडल्यावर कुठं बिघडलं हे यंत्र स्वतः छापून सांगतं, असलं काही माझ्या प्रिंटरमध्ये नाही. तो फक्त लाल दिवा लावतो आणि सर्व्हिस सेंटरला न्या म्हणतो. तरीपण माझं मूळ म्हणणं कायम आहे, सामान्य माणसाच्या घरात असलं मशीन वर्षभर टिकलं नसतं.

तारवाले_काका | ३० जून, दुपारी २:००

अगदी बरोबर. घरात नसतंच टिकलं.

उद्यमनगरचा_पोरगा | ६ जुलै, रात्री ९:३५

तिसऱ्या आणि चौथ्या लिव्हरच्या मधे गाळाची एक पापडी होती, नखाएवढी. पातळ पत्र्याची पट्टी आत सरकवून काढली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच काका, शप्पथ. बोटानं दाबलं तर लिव्हर टक्कन परत आली.

आर-वाय आर-वाय पूर्ण पानभर, एक अक्षर चुकलं नाही. मग टीटीवाय दादानं सगळी इंग्रजी अक्षरं असलेलं ते क्विक ब्राऊन फॉक्सवालं वाक्य पाठवलं, ते पण आलं, फक्त ई जरा फिकट उमटतोय. सुमनताई आज संध्याकाळी नातवाला घेऊन आल्या होत्या. कीबोर्डवर हात ठेवला आणि न बघता सटासट टाईप केलं, सगळ्या बोटांनी, मशीन अडखळायच्या आत त्यांची ओळ पूर्ण. नातू कागद बघून म्हणतो आज्जी हे काय लिहिलंस, तर जुन्या टेलेक्ससारखं रवे, भाव, ट्रक नंबर आणि शेवटी सगळे आकडे परत एकदा. घंटा वाजवली तेव्हा खालच्या आजी आल्या, पण या खेपेला खुर्ची घेऊन बसल्या.

गुळपेठ_सुमन | ६ जुलै, रात्री १०:१०

बटणं फार जड लागली रे. तेव्हा नव्हती वाटत. ई फिकट येतोय तो टाईपमध्ये घाण भरलीय, आम्ही टाचणीनं काढायचो, टाईपरायटरची काढतात तशीच.

फौंड्रीवाला_शिरोली | ६ जुलै, रात्री १०:२६

नाद खुळा! येतो बगायला. रिबन कुठनं आणलीस?

उद्यमनगरचा_पोरगा | ६ जुलै, रात्री १०:४०

टाईपरायटरची साधी अर्ध्या इंचाची, बावड्यात कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडनं. त्यांच्याकडं दोनच होत्या, एक मी घेतली. कागदाची रीळ प्रेसवाल्याकडनं कापून आणलीय पण जरा रुंद झालीय, एका कडेला घासते. आता दोन मिलिमीटर कमी करून मागवतो. आणि काका, तेलाचा तो भिंतीवरचा तक्ता तुम्हाला आठवत असंल तर बसून एकदा सांगाल का, मी लिहून घेतो. पावसात दमट हवेत किती दिवसांनी घालायचं ते पण.

तारवाले_काका | ७ जुलै, सकाळी ६:०५

मंगळवारी ये. वही आण, मोबाईल नको.